अक्षरी रुपये: नियम किती आणि यादी किती

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात अडत दुकानाची पट्टी पडते. पोती किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, हे सगळे आकड्यांत असते. खाली मात्र एक ओळ शब्दांची असते: 'अक्षरी रुपये'. उसाच्या बिलावर, पतसंस्थेच्या पावतीवर, खरेदीखतावर, चेकवर हीच ओळ भेटते. आकड्यापुढे एक शून्य वाढवले की रक्कम दहापट होते, एकाचा सात करायला पेनाची एक रेघ पुरते. शब्दांत लिहिलेल्या रकमेशी असा खेळ सहज करता येत नाही.

कायदाही शब्दांच्या बाजूने आहे. चेक न वटल्यावर लागणारे १३८ कलम आपल्याकडे गावोगावी माहीत असते. त्याच १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातले १८ वे कलम सांगते की अंकी आणि अक्षरी रक्कम वेगवेगळी असेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची. व्यवहारात बँका असा चेक बहुधा परतच करतात, पण वाद उभा राहिला तर वजन शब्दांना आहे. १९१६ साली सुरू झालेली सांगली बँक आणि १९३६ साली साताऱ्यात सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक यांच्या काउंटरांवर कित्येक वर्षे ही ओळ हातानेच लिहिली आणि वाचली गेली. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये आणि युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. आता ती ओळ बहुतेक ठिकाणी संगणक छापतो, आणि तीही बऱ्याचदा इंग्रजीत.

आकडा दिला की तो इंग्रजी शब्दांत लिहून देणारा प्रोग्राम हा नवशिक्यांचा जुना आणि फार चांगला सराव आहे. सांगलीचे वालचंद (स्थापना १९४७) किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) इथे पहिल्या वर्षाला असलेला विद्यार्थी असो, किंवा घरी बसून पायथॉन शिकणारी अकरावीतली मुलगी असो, पहिल्या महिन्यात हा प्रोग्राम एकदा स्वतःच्या हाताने लिहावा असे मी आग्रहाने सांगतो. यात गणित चौथीच्या भागाकाराइतकेच आहे. शिकायचे आहे ते निराळे: एखाद्या गोष्टीत नियम कुठपर्यंत चालतो आणि कुठून पुढे निमूटपणे यादीच करावी लागते, हे ओळखणे.

इंग्रजीत ही सीमा स्वच्छ दिसते. झिरोपासून नाइन्टीनपर्यंतचे वीस शब्द यादीत घालायचे. थर्टीन ते नाइन्टीन यांत थोडाफार नियम दिसतो, पण इलेव्हन आणि ट्वेल्व्ह कोणत्याच नियमात बसत नाहीत, म्हणून ती सगळी पलटण यादीतच ठेवलेली बरी. मग ट्वेन्टी, थर्टी, फोर्टी असे नाइन्टीपर्यंतचे आठ शब्द. त्यांत हंड्रेड, थाउजंड, लाख आणि क्रोर मिळवले की झाले बत्तीस. एवढ्या शिदोरीवर भारतातली कुठलीही रक्कम लिहिता येते. स्पेलिंगकडे मात्र यादी करतानाच लक्ष द्यावे. फोर आणि फोर्टीनमध्ये असलेला 'यू' फोर्टीमध्ये गळतो. एट आणि एटी यांत 'टी' हे अक्षर पहिल्यात एकदाच आणि दुसऱ्यातही एकदाच येते. यादीतली एक चूक छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पावतीवर उमटते.

आता पट्टीवरची रक्कम समजा २,३७,४१९ आहे. प्रोग्राम तिला डावीकडून सोलत जातो. आधी एक लाखाने भागायचे: भागाकार २, बाकी ३७,४१९. म्हणजे 'टू लाख' लिहून झाले आणि त्या लाखांशी आपला संबंध संपला. बाकीला हजाराने भागायचे: भागाकार ३७, बाकी ४१९. सदतीस वीसपेक्षा मोठे, म्हणून त्याला पुन्हा दहाने भागायचे. भागाकार ३ आला, म्हणून दहांच्या यादीतला थर्टी, आणि बाकी ७, म्हणून पहिल्या यादीतला सेव्हन. 'थर्टी सेव्हन थाउजंड'. उरलेल्या ४१९ ला शंभराने भागले की ४ आणि बाकी १९. 'फोर हंड्रेड', आणि एकोणीस वीसपेक्षा लहान असल्याने न भागता थेट यादीतून 'नाइन्टीन'. शेवटी 'ओन्ली', म्हणजे आपले 'फक्त', पुढे कुणी काही जोडू नये म्हणून.

इथे एक सोय आपोआप मिळते. पायथॉनमध्ये आणि बहुतेक भाषांत यादीची मोजणी शून्यापासून होते. झिरो शून्याव्या जागी बसवला की वन पहिल्या जागी आणि नाइन्टीन एकोणिसाव्या जागी येतो. म्हणजे आकडा हाच पत्ता होतो. दहांच्या यादीत पहिल्या दोन जागा रिकाम्या सोडल्या की ट्वेन्टी दुसऱ्या जागी बसतो आणि तिथेही तोच हिशेब चालतो. शंभर वेळा 'जर हा आकडा असेल तर हा शब्द' असे लिहीत बसणाऱ्या मुलाला ही गोष्ट दाखवली की त्याच्या प्रोग्रामच्या शंभर ओळींच्या चार होतात. प्रोग्रामिंगमधला पहिला खरा आनंद बहुतेकांना इथे मिळतो असे मला वाटते.

मग चुका निघायला लागतात, आणि त्या बहुतेक शून्याच्या असतात. २० दिले की 'ट्वेन्टी झिरो' येते. १,००,००५ दिले की 'वन लाख झिरो थाउजंड झिरो हंड्रेड फाइव्ह' येते. त्यावर उपाय म्हणून 'बाकी शून्य असेल तर गप्प बस' असा नियम घातला की ० दिल्यावर प्रोग्राम काहीच बोलत नाही. शून्य एकटा आला तर बोलायचे आणि घोळक्यात आला तर गप्प राहायचे, हे संगणकाला वेगळे सांगावे लागते. म्हणून प्रोग्राम तपासताना वाटेल ते आकडे देऊ नयेत, कडेचे आकडे द्यावेत: ०, १०, १३, १९, २०, २१, ९९, १००, १०१, १,०००, १,००१, १,००,०००, १,००,००५. जिथे नियम बदलतो तिथेच प्रोग्राम अडखळतो.

इंटरनेटवर असा तयार प्रोग्राम शोधला तर बहुतेक वेळा पाश्चात्त्य पद्धतीचा हाती लागतो. तिकडे तीन-तीन अंकांचे गट करतात आणि थाउजंड, मिलियन, बिलियन म्हणत वर जातात. आपला वरचा आकडा मग 'टू हंड्रेड थर्टी सेव्हन थाउजंड' असा छापला जातो. गणिताने तो बरोबरच आहे, पण विट्याच्या किंवा वाईच्या पतसंस्थेतला रोखपाल तो वाचताना थांबेल, आणि पैशाच्या कागदावर वाचणारा थांबता कामा नये. एक्सेलमध्ये अक्षरी रुपये करून देणारे सूत्र जात्याच नाही. थाई भाषेत रक्कम लिहून देणारे 'बाटटेक्स्ट' नावाचे सूत्र मात्र आहे. इंग्रजीसाठी मायक्रोसॉफ्टने नमुना म्हणून दिलेला मॅक्रो डॉलर, सेंट आणि मिलियनमध्ये बोलतो. म्हणून लाख-कोटीची वाट आपली आपणच बांधायची. शेवटचे तीन अंक एका गटात आणि त्यापुढे दोन-दोन, ही आपली मांडणी प्रोग्राममध्ये तीन भागाकारांत बसते: कोटीने, लाखाने, हजाराने.

कोटीच्या पलीकडे काय करायचे? भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व अशी ती पुढे जातात. रोजच्या व्यवहारात आपण ती वापरत नाही. आपण कोटीच मोजतो: सव्वाशे कोटी, हजार कोटी, अर्थसंकल्पात लाख कोटी. प्रोग्रामलाही तेच शिकवायचे. कोटीने भागून जो भागाकार येईल तो पुन्हा याच प्रोग्रामच्या हवाली करायचा आणि त्याने दिलेल्या शब्दांपुढे 'क्रोर' लावायचे. स्वतःच स्वतःला काम सांगणाऱ्या या रचनेला पुस्तकात रिकर्शन म्हणतात आणि विद्यार्थी तिला घाबरतात. 'एक लाख कोटी' असे वर्तमानपत्रात वाचताना आपण ती रोज सहज करत असतो, हे एकदा लक्षात आले की भीती जाते.

पैशांबद्दल एक सावधगिरी. ०.२९ रुपये म्हणजे २९ पैसे, म्हणून शंभराने गुणून अपूर्णांक कापला तर पायथॉन २८ सांगतो. संगणक दशांश अपूर्णांक आतून द्विमान पद्धतीत साठवतो, तिथे ०.२९ नेमके मावत नाही, आणि गुणाकार २८.९९९ च्या घरात येतो. म्हणून रक्कम पहिल्यापासून पैशांत, पूर्णांक म्हणूनच ठेवावी आणि छापताना रुपये वेगळे काढावेत. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये हा नियम कधीच मोडू नये.

इथपर्यंत आल्यावर तोच प्रोग्राम मराठीत करून पाहावा, आणि इथे भाषेचा खरा स्वभाव समोर येतो. इंग्रजी ट्वेन्टी सेव्हन म्हणते, आपण सत्तावीस म्हणतो: आधी एकक, मग दशक, आणि दोन्ही वितळून एक शब्द. नियम शोधायला बसलो तर दोन या अंकाचीच किती रूपे: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. पन्नासचे एकावन्नमध्ये 'वन्न' होते, त्रेपन्नमध्ये 'पन्न' राहते. एकोणीस, एकोणतीस असे करत एकोणनव्वदपर्यंत 'एकने कमी' हा नियम छान चालतो, आणि नव्याण्णवला तो सोडून देतो. एवढ्या अपवादांचे नियम लिहिण्यापेक्षा ० ते ९९ ची शंभर शब्दांची सरळ यादी करावी. ती लहानही होते आणि चुकतही नाही. यादी झाली की घरातल्या जुन्या माणसाला वाचून दाखवावी. चौऱ्याहत्तर, शहाऐंशी, सत्त्याण्णव यांचे उच्चार आणि लेखन तिथे पक्के होतात. त्यानंतर 'शे'चा एक नियम उरतो: १०० एकटे आले तर 'शंभर', पण १०१ ला 'एकशे एक'.

ही शंभर शब्दांची यादीच २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात वादाचा विषय झाली होती. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसबरोबर 'वीस सात' असे वाचन दिले होते. जोडाक्षरांनी भरलेली नावे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले २७ ऐकून ७२ लिहितात, ही अडचण त्यामागे होती. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी इंग्रजीचे आणि दाक्षिणात्य भाषांचे उदाहरण देऊन या वाचनपद्धतीचे समर्थन केले. टीका खूप झाली, विधिमंडळातही विषय गाजला. हा प्रोग्राम एकदा लिहिलेल्या माणसाला नारळीकरांचे म्हणणे पटकन कळते: यादीच्या जागी त्या नियम ठेवू पाहत होत्या, आणि सात वर्षांच्या मुलासाठी शंभर शब्दांपेक्षा तीसेक शब्द आणि एक नियम हे ओझे खरेच हलके आहे. मला वाटते 'वीस सात' ही समजण्याची पायरी म्हणून फार चांगली आहे, आणि सत्तावीस हा बोलण्यातला शब्द मुलाला मिळायलाच हवा. दोन्ही शिकल्याने मुलाचे काही नुकसान होत नाही.

दाक्षिणात्य भाषा पाहायला सांगली जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही. जत तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड घराघरांत आहे आणि कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तिथले मूल २१ ला 'इप्पत्तोंदु' म्हणते: इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. सत्तावीस म्हणजे 'इप्पत्तेळु'. क्रम इंग्रजीसारखा, दशक आधी. म्हणजे इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्राम शब्द बदलून आणि संधीची थोडी डागडुजी करून कन्नडला चालवता येतो, मराठीला नाही. त्याच भागातली मुले घरी एका क्रमाने आणि बाजारात दुसऱ्या क्रमाने मोजतात, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

साताऱ्याकडे याहून जुने आणि सुंदर उदाहरण आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि सातारा हे मराठ्यांच्या राज्याची राजधानी झाले. त्या काळातल्या मराठी कागदपत्रांत वर्ष बहुधा शुहूर सनात आणि तेही अक्षरी लिहिलेले असते, अरबी संख्यानामांनी. पानिपतची लढाई झाली ते जानेवारी १७६१ म्हणजे शुहूर ११६१. कागदावर ते असे उतरते: 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. क्रम नेमका उलटा, एककापासून हजाराकडे. यासाठीचा प्रोग्राम तर सगळ्यांत सोपा. डावीकडून सोलायचेच नाही. दहाने भागून बाकी घ्यायची, तिचा शब्द लिहायचा, पुन्हा दहाने भागायचे. एककाचे नऊ शब्द, दशकाचे नऊ, शंभर, दोनशे आणि हजार एवढी यादी सगळ्या मराठेशाहीला पुरते. उत्तरात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. कोणता मिळवायचा हे तारीख जूनच्या सुमाराला येणाऱ्या मृगाच्या पुढची की मागची यावर ठरते. मोडी शिकणाऱ्या मुलांनी हा प्रोग्राम उलट्या बाजूने, म्हणजे शब्दांवरून आकडा काढणारा, जरूर लिहून पाहावा. दफ्तरात बसल्यावर तो रोज उपयोगी पडेल.

बाजारातली बोली याहून अवघड. १२,५०० चा दर सौद्यात साडेबारा हजार असतो, १२,२५० सव्वाबारा हजार, आणि १२,७५० पावणेतेरा हजार. शेवटच्यात तेरा कुठून आले? पावणे पुढच्या आकड्याकडे पाहून बोलते, म्हणून प्रोग्रामला भागाकारात एक मिळवावा लागतो. १,५०० ला साडेएक म्हणत नाहीत, दीड म्हणतात. २,५०० ला अडीच. साडे सुरू होते ते तीनपासून. पाव, अर्धा आणि पाऊण ओळखायला बाकीला हजाराच्या पावपटीने, २५० ने, भागायचे. निःशेष भाग गेला तर बोली चालेल, नाही गेला तर सरळ वाचन. मराठी मुलांसाठी याहून चांगला दुसरा सराव मला माहीत नाही.

आकडे देवनागरीत टंकले तरी चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पायथॉनच्या 'इंट' या फंक्शनला देवनागरीतले '१२५' दिले तर ते विनातक्रार एकशे पंचवीस समजते. स्वल्पविराम मात्र आधी काढून टाकावे लागतात.

प्रोग्राम पुरा झाला की त्याच्यावर एक गंमत करता येते. कुठलाही आकडा घ्या, त्याचे इंग्रजी नाव लिहा, त्यातली अक्षरे मोजा, आलेल्या आकड्याचे पुन्हा तेच करा. सेव्हनची अक्षरे पाच, फाइव्हची चार, फोरची चार, आणि तिथे साखळी थांबते. कुठूनही निघा, शेवटी फोरच येतो. मराठीत हाताने मोजले तर एकपासून दहापर्यंत प्रत्येक नावात दोनच अक्षरे आहेत: ए-क, दो-न, स-हा, न-ऊ. म्हणून मराठीची साखळी 'दोन'वर थांबते. संगणकाला मोजायला सांगितले तर तो 'तीन'वर थांबतो. 'दोन' या शब्दात त्याला तीन चिन्हे दिसतात: द, ओकाराची मात्रा आणि न. युनिकोडमध्ये मात्रेला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे आणि पायथॉनचे 'लेन' हे फंक्शन क्रमांक मोजते, अक्षरे नाही. अक्षरे मोजायची असतील तर मात्रा, अनुस्वार आणि हलन्त सोडून द्यायचे, आणि हलन्तामागून येणारे व्यंजन नवे अक्षर धरायचे नाही, असा नियम घालावा. तो घातला की संगणकही 'दोन'वर येतो.